मास्तरांची धाकटी

मी या घरात आले ती धाकटी सून म्हणून. बरीच वर्षं तो मान माझ्याकडे होता. मग माझ्या मोठ्या भाऊजींनी दगडखाणीवरची एक जुनी फोर-व्हील जीप घेतली, दोरखंडाने ओढत घरी आणली, अंगणात उभी केली आणि तिच्या बॉनेटवर थाप मारून जाहीर केलं, "ही आता घरातली धाकटी." त्या दिवसापासून जाऊबाई मोठी, मी मधली आणि जीप धाकटी. शेंडेफळाचे लाड कुठल्या घरात होत नाहीत? आमच्याकडेही सुरू झाले.

भाऊजी धंद्याने शिंपी. सगळा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दोन शिलाई मशिनं, एक लांबलचक टेबल, भिंतीवर खुंटीला टांगलेले कागदी नमुने आणि अंगणात उघडणारी मोठी खिडकी. त्या खिडकीमुळे त्यांचा एक डोळा सुईवर आणि दुसरा धाकटीवर असतो.

"म्हणून तर त्या वकिलाच्या कोटाला तीन बाह्या लावत होतात," जाऊबाई म्हणतात.

"काहीतरी बोलू नकोस. दोनच होत्या," भाऊजी म्हणतात. "फक्त दोन्ही डाव्या होत्या."

जाऊबाई दुकानात काजं करतात, बटणं लावतात आणि बॉबिन भरून देतात. शिलाई मशिनच्या उजव्या हाताला जे चाक असतं, त्याच्या मधोमध एक चकती असते. ती ढिली केली की चाक फिरतं पण सुई हलत नाही, आणि मग बॉबिनवर निवांत दोरा गुंडाळता येतो. काम झालं की चकती परत आवळायची. ती आवळायची कोणी, यावर या जोडप्याचं रोज एकदा तरी वाजतं. भाऊजी मशिनवर बसतात, झोकात पायडल मारतात, चाक गरगर फिरतं आणि सुई ढिम्म. "अगं, चकती!" "तुमचे हात काय भाड्याने दिलेत?" एवढं झालं की दुकान सुरू झालं असं मी स्वयंपाकघरात समजते.

आता ही जीप शिंप्याच्या घरात आली कशी, तर जाऊबाईंच्या माहेरामुळे. त्यांचं माहेर डोंगरावर. आई-वडील केव्हाच गेले. थोरली बहीण, आक्का, तिथे एकटी राहते आणि मधमाश्यांच्या पेट्या सांभाळते. पायथ्यापर्यंत चांगला रस्ता आहे, पण शेवटचा चढ म्हणजे नुसती सुटी खडी आणि चर. चारही चाकं ओढतील अशीच गाडी तिथे टिकते. पूर्वी जाऊबाई तो चढ पायी चढून जायच्या. मग त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, तिकडे आक्काच्या कंबरेने. दोघी फोनवर रोज बोलतात, म्हणजे खरं तर भांडतात, पण समोरासमोर भांडून त्यांना कित्येक वर्षं झाली होती. भाऊजी एकदा सहज बोलून गेले होते, "तुला मी नेईन वर. माझ्या गाडीने." गाडी नव्हती तेव्हाचं हे बोलणं. शिंपी माणूस, बोलला की बोलला. माप घेतल्यावर फिरवत नाहीत.

गाडी आली आणि दुरुस्ती सुरू झाली. आमच्या रस्त्याच्या टोकाला एक गॅरेजवाला आहे. भाऊजींचं जुनं गिऱ्हाईक आणि त्याहून जुना मित्र. तो पहिल्याच दिवशी आला, गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाला, "मास्तर, माझ्याकडे सोडा हिला. जरा बघतो."

"नको. जिचं माप मी घेतलंय तिला दुसऱ्याचा हात लागू देत नाही."

"असं? मग मीही माझी पॅन्ट यापुढे घरीच शिवतो."

"शिव की. फक्त खाली वाकू नकोस."

झालं, विषय मिटला. त्यानंतर भाऊजींनी गाडी दुरुस्त केली ती पूर्ण शिंप्याच्या रीतीने. काही उसवण्याआधी खडूने खुणा. प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून काढला त्याचा आकडा लिहून चिंधीत गुंडाळायचा. गंजलेल्या नटाशी मारामारी नाही. त्याला घासलेटात भिजवलेल्या कापडाची पट्टी बांधायची आणि आपण निघून जायचं. "घट्ट शिवण ओढली की कापड फाटतं," ते म्हणायचे. "भिजू दे त्याला, आपोआप मवाळ होईल. आमच्या सासऱ्यांचंही असंच होतं." आतून जाऊबाईंचा आवाज यायचा, "ऐकू येतंय मला!"

बसायच्या जागा तर अशा केल्या की बघत राहावं. जाड कापड, कडेने गोट, पाठीला मऊ गादी. इंजिन खोकत होतं, दिवे मिचमिचत होते, पण बसायला आमच्या सोफ्यापेक्षा धाकटी बरी होती. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, कचेरीतून आले की पेपर घेऊन थेट जीपमध्ये जाऊन बसायचे. गाडी जागची हलत नव्हती, त्यामुळे वाचताना डोळ्यांना त्रास नाही.

आणि खोळी! शिंप्याच्या घरात कुठली वस्तू उघडी राहत नाही. आमच्याकडे फोनला खोळ आहे, छत्रीला आहे, छत्रीच्या खोळीला ठेवायला पिशवी आहे. धाकटी तरी कशी उघडी राहील? गिअरच्या दांड्याला टोपी, जॅकला थैली, जादा चाकाला झगा. पुढच्या दोन्ही चाकांवर, बरोबर मधोमध, एकेक डबीसारखं काहीतरी बाहेर आलेलं होतं. तिथे घासून भाऊजींच्या पॅन्टला ग्रीस लागायचं आणि ते धुणं जाऊबाईंच्या वाट्याला. त्यांनी रेनकोटच्या उरलेल्या कापडाची, इलॅस्टिक घातलेली दोन टोपडी शिवली आणि त्या डब्यांना घातली. त्याआधी भाऊजींनी सगळी गाडी बाटलीच्या हिरव्या रंगाने रंगवली होती, त्या डब्यांसकट. त्यांना वाटलं, चाकाचं झाकण असेल. आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटलं. मलाही.

माझाही या दुरुस्तीला हातभार लागला आहे. हात नाही, पाय. ब्रेकच्या नळ्यांमधली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पायडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून बारीक नट ढिला करून हवा सोडायची. मी आत, भाऊजी खाली.

"दाब!"

"दाबलं."

"धर. धर म्हटलं ना!"

"धरलंय हो, भाऊजी."

"आता सोड. अगं सोड!"

"सोडलं! आता काय पाय काढून देऊ?"

समोरच्या बाई दुसऱ्या दिवशी भाजी निवडायचं निमित्त करून आल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "मास्तर स्वभावाने असे असतील असं वाटलं नव्हतं हो." त्यांना समजावता समजावता माझी सगळी भाजी निवडून झाली.

एवढं सगळं होऊनसुद्धा मुख्य दुखणं जात नव्हतं. धाकटी सपाट रस्त्यावर छान धावायची. पण लाकडाच्या वखारीमागे एक खडीचा उतार आहे, तिथे भाऊजी तिला चढवायला नेत. फोर-व्हीलचा दांडा टाकत, पाय देत. मागची चाकं खडी उडवून खड्डा खणायची आणि पुढची नुसती बघत राहायची. मग उलट्या गिअरमध्ये खाली.

भाऊजींनी निदान केलं: "पेटीचं काम आहे." पेटी म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देणारी लोखंडी पेटी, गाडीच्या पोटाखाली असते. ती त्यांनी उतरवली, धुतली, तिचा दात न् दात फडक्याने पुसला. दोन भागांमध्ये बसणारं कागदी पॅकिंग फाटलं होतं, ते त्यांनी स्वतः कापलं. लोखंडाच्या कडेला ग्रीस फासलं, त्यावर नमुन्याचा जाड कागद दाबला, छाप उठला, छापावरून कॉलर कापावी तसं कापलं. इतकं सुबक की गॅरेजवाल्यानेही उचलून उजेडात धरून पाहिलं. पण त्या नादात त्यांनी कापडाची कात्री कागदाला लावली. शिंप्याच्या घरात हे काय पाप आहे ते सांगून कळायचं नाही. कागदाने कात्रीची धार जाते. कागदाची कात्री वेगळी, कापडाची वेगळी. जाऊबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नुसती कात्री उचलली, आत नेऊन ठेवली. त्या बोलत नाहीत तेव्हा आम्ही सगळे जपून चालतो.

पेटी परत बसवली. वखारीमागे गेलो. मागची चाकं खड्डा खणू लागली, पुढची बघत राहिली. पेटी पुन्हा उतरवली, पुन्हा बसवली. तेच.

मग एका संध्याकाळी चहाच्या वेळी जाऊबाई कपाकडे बघत म्हणाल्या, "आक्काच्या पाण्याच्या टाकीचे पाइप घेऊन गॅरेजवाल्याची जीप वर जायची आहे. पुढच्या आठवड्यात. तो म्हणाला, वहिनी, चला, पुढची जागा तुमची."

"मग?" भाऊजींनी विचारलं.

"मी येते म्हणणार आहे."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. गॅरेजवाला आधीही अनेकदा विचारून गेला होता. प्रत्येक वेळी जाऊबाईंनी काहीतरी कारण काढलं होतं. कधी गुडघा, कधी शिवण. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. या माणसाने 'मी नेईन' म्हटलं होतं ना, मग दुसऱ्याच्या गाडीतून कसं उतरायचं माहेरच्या दारात?

भाऊजी चहा ढवळत राहिले. चहात ते साखर घेत नाहीत.

"या रविवारी आपण जाऊ," ते म्हणाले. "धाकटीने."

"आणि नाही चढली तर?" आमच्या ह्यांनी विचारलंच. पेपर वाचायची जागा जाईल ही काळजी.

"नाही चढली तर उतरताना किल्ली गॅरेजवाल्याकडे. सुटे भाग काढून घे म्हणेन. आणि पुढच्या आठवड्यात हिने त्याच्या गाडीने जावं."

"मी असं कुठे म्हटलं?" जाऊबाई म्हणाल्या.

"मी म्हणतोय."

रविवारी निघालो. जाऊबाई पुढे, मांडीवर जेवणाचा डबा. मी आणि हे मागे, पायाशी आक्कासाठी शिवलेल्या उश्या, दोघांच्या मध्ये पाण्याचा कॅन. पायथ्यापर्यंत धाकटी अशी आली की भाऊजी चक्क शीळ घालायला लागले. चढ दिसला तशी शीळ थांबली.

वर कुंपणाशी आक्का उभी होती. एवढीशी दिसत होती, पण आवाज मोठा. "डावीकडून घ्या! डावीकडून!"

"तिला गाडी येते चालवायला?" भाऊजींनी विचारलं.

"सायकलसुद्धा येत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "पण उंटावरून शेळ्या हाकायला लहानपणापासून पहिली."

फोर-व्हीलचा दांडा पडला. धाकटी गुरगुरली, चढू लागली. पाव चढ झाला, अर्धा झाला. मग मागून खडीचा आवाज आला, जो आता आमच्या ओळखीचा होता. गाडी जागच्या जागी थरथरू लागली. भाऊजींनी पाय काढला, हँडब्रेक ओढला. मी आणि हे उतरलो आणि मागच्या चाकांमागे दगड लावले.

"आणखी एकदा," भाऊजी म्हणाले. आवाज अगदी साधा, पण स्टीअरिंगवरचे हात मी पाहिले. टेपने माप घेताना जे हात एका सुतानेही चुकत नाहीत, ते हात नेमकं कुठे धरावं हे विसरले होते. जाऊबाईंनीही पाहिले असावेत. त्यांनी डबा उगाच घट्ट धरला.

हे गाडीला मागून जोर लावायला गेले. मी बाजूला होऊन खडीपासून डोळे वाचवायला उकिडवी बसले. भाऊजींनी पाय दिला. तिथून मला गाडीचं पोट दिसत होतं. पेटीतून पुढच्या चाकांकडे जाणारा एक लांब दांडा आहे. तो फिरत होता. चांगला गरगर फिरत होता. आणि पुढचं चाक टोपडं घालून शांत उभं.

"भाऊजी! थांबा! पुढचा दांडा फिरतोय!"

त्यांनी इंजिन मंद केलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "फिरतोय? पुढचा? नक्की?"

"डोळ्यांनी पाहिला. दांडा फिरतोय, चाक नाही फिरत."

"म्हणजे पेटी बरोबर आहे!" त्यांचा चेहरा उजळला. "मी म्हटलं नव्हतं, पॅकिंग एक नंबर बसलंय?" आणि लगेच पडला. "मग चाक का नाही फिरत?"

वरून आवाज आला, "अहो, काय झालं? चहा निवला!"

जाऊबाई समोर बघत होत्या. मग सावकाश मान वळवून नवऱ्याला म्हणाल्या, "बॉबिन भरल्यावर असंच होतं ना?"

"काय?"

"चाक फिरतं, सुई हलत नाही. मधली चकती आवळायची राहिली की."

"अगं, ही जीप आहे. हिच्यात कुठून आली चक—" भाऊजी तिथेच थांबले. जाऊबाईंकडे बघितलं. मग दार उघडून खाली उतरले, पुढच्या चाकाशी गुडघ्यांवर बसले आणि टोपडं काढलं.

खाली ती हिरवी डबी. भाऊजींनी खिशातून मळलेला पाना काढला आणि डबीवरचा रंग खरवडला. पापुद्रा निघाला. त्यांच्याच हाताचा रंग, दोन हात दिलेला. खाली एक बाण होता. आणखी खरवडलं, तर बाणासमोर 'मोकळं' असल्याची खूण, आणि शेजारी थोड्या अंतरावर 'जोडलेलं' असल्याची. डबी नव्हतीच ती. चाक दांड्याला जोडायची चकती होती. खाणवाल्याने कधीतरी मोकळी करून ठेवलेली. भाऊजींनी तिच्यावर रंग चढवला, जाऊबाईंनी टोपडं, आणि आम्ही सगळे धाकटीच्या पोटातल्या पेटीचा दात न् दात पुसत बसलो.

त्यांनी दोन्ही हातांनी चकती धरून फिरवली. रंगाने ती चिकटली होती. जोर लावला नाही. आधी हलकेच इकडे, मग तिकडे, शिवण मवाळ करावी तशी. मग आतून आवाज आला: टक्. गाडीला वळसा घालून दुसऱ्या चाकाशी गेले. पुन्हा टक्.

आत येऊन बसले. हाताला हिरवे पापुद्रे. जाऊबाईंकडे न बघता म्हणाले, "चकती आवळली."

"रोज सांगावं लागतं," जाऊबाई म्हणाल्या.

त्यानंतर धाकटी जी निघाली! पुढची चाकं मांजराने पंजे रोवावेत तशी खडीत रुतत होती आणि गाडीला वर ओढत होती. मी आणि हे मागून चालत होतो, म्हणजे धापा टाकत होतो, कारण ती आमच्यासाठी थांबायला तयार नव्हती. कुंपणाशी भाऊजींनी हॉर्न दिला. हॉर्न दुरुस्त करायचा राहिला होता. शेळीसारखा आवाज आला. आक्का इतकी हसली की कंबर धरून खाली बसली.

जाऊबाई उतरल्या. घराच्या दाराच्या चौकटीला हात लावला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "रंग बदललास?"

"मग? तू येईपर्यंत तसाच ठेवू?"

"विचारायचं तरी होतं."

"फोनवर रंग कसा दाखवू तुला? आणि किती सुकलीस गं!"

"तू कुठे मोठी गुबगुबीत आहेस?"

सुरू झालं. भांडता भांडता दोघी आत गेल्या, आणि एकमेकींचा हात मात्र दोघींनीही सोडला नव्हता. भाऊजी पायरीवर बसून डोंगराकडे बघत होते. मी पाणी दिलं तर म्हणाले, "काय बाई, हवा स्वच्छ आहे इथली. डोळ्यांत जाते." मी बरं म्हटलं.

खिशातून त्यांनी दोन टोपडी काढून हळूच गाडीच्या आसनाखाली सरकवली. जाऊबाईंना वाईट वाटू नये म्हणून असणार. पण जेवणं झाल्यावर त्या बाहेर आल्याच. "द्या ती इकडे."

"राहू दे गं. त्यात काय एवढं. रंग तर मीच दिला होता."

"द्या म्हणते ना. उघडं ठेवलंत तर पॅन्टला ग्रीस, झाकलंत तर हे असं."

आक्काची कात्री घेतली, आधी विचारून घेतलं की ती कापडाची आहे ना, आणि दोन्ही टोपड्यांच्या मधोमध एकेक गोल भोक कापलं. मग दोरा ओवून उन्हात बसल्या आणि भोकाच्या कडेने काजाचे टाके घालायला लागल्या, अगदी कोटाच्या काजासारखे, एकाला एक लागून. आक्का शेजारी बसून टाका मोठा पडतोय म्हणून चुका काढत होती. काम झाल्यावर टोपडी चाकांना घातली. आता बाण बाहेरून दिसतो. चाकाला काज असलेली दुसरी जीप कुठे असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला दुकानात आला. अंगणातून येताना तो पुढच्या चाकाशी थांबला, वाकून काज बघितलं, काजातला बाण बघितला, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मास्तर! इतके दिवस हे मोकळं होतं? मला एकदा हात लावू दिला असता तर!"

"तर तुझ्या वहिनीला तुझ्या गाडीने जावं लागलं असतं," भाऊजी म्हणाले. या म्हणण्यात काही अर्थ नव्हता, पण ते इतक्या आनंदात होते की कोणी हरकत घेतली नाही.

"बरं, वहिनी, पाइप न्यायचेत या आठवड्यात. येताय ना?"

जाऊबाईंनी बॉबिनवरून मान वर केली नाही. "पाइप तू ने बाबा. मला माझी गाडी आहे."

भाऊजींनी मशिनवर बसून झोकात पायडल मारलं. चाक गरगर फिरलं, सुई ढिम्म. त्यांनी मुकाट्याने हात पुढे करून चकती आवळली. जाऊबाईंनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला.

गॅरेजवाला मात्र जाईना. दाराशीच घोटाळत होता, पाठ भिंतीला लावून. मग त्याने कागदात गुंडाळलेलं एक पुडकं टेबलावर ठेवलं. आत पॅन्ट होती, मागून शिवण उसवलेली, आणि टाके कोणाचे असावेत हे लांबूनही कळत होतं.

"घरी शिवलीस?" भाऊजींनी विचारलं.

"शिवली."

"मग?"

"वाकलो," तो म्हणाला.